कागद उलटा वाचणारे आण्णा

मुंबईच्या बंबवाल्यांचं मुख्यालय आमच्या भायखळ्यात आहे, त्यामुळे आमच्या चाळीतल्या पोरांनी आण्णांची नोकरी परस्पर ठरवून टाकली होती. ‘हे फायर डिपार्टमेंटला असतात’ असं काकू एकदा नळावर बोलून गेल्या आणि आम्ही चारपाचजण त्यांचं शिरस्त्राण बघायला त्यांच्या दारात जाऊन उभे राहिलो. खरं तर आण्णा फोर्टातल्या एका सरकारी विमा कंपनीत कारकून होते. फायर डिपार्टमेंट म्हणजे आगीच्या विम्याचा विभाग. मोठ्या माणसांचा गोंधळ वेगळाच होता. त्यांच्या लेखी विमा म्हणजे एलआयसी. मुलीच्या लग्नाला पैसे मिळतील अशी पॉलिसी काढून द्या, म्हणून लोक त्यांच्याकडे यायचे. ‘आमच्याकडे माणसाचा विमा नाही, वस्तूंचा आहे’ असं आण्णांनी सांगितलं की तोंड पाडून परत जायचे. दहा बाय बाराच्या खोलीत विमा काढावा अशी वस्तू असते, हेच कुणाला पटत नसे.

१ जानेवारी १९७३ला शंभराहून जास्त खासगी विमा कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण होऊन चार सरकारी कंपन्या उरल्या. आण्णा त्याच सुमाराला नोकरीला लागलेले. दिवसभर दाव्यांच्या फायली बघणाऱ्या या माणसाला एक खोड होती. पॉलिसीचा कुठलाही कागद हातात आला की तो पालथा घालून शेवटच्या पानापासून वाचायला घ्यायचा. पुढच्या पानांवर काय काय मिळणार ते असतं. काय मिळणार नाही ते मागे, बारीक अक्षरात. ‘कंपनी काय देणार ते एजंट सांगतोच की. काय देणार नाही ते कागदाला विचारायला लागतं,’ असं ते म्हणत. माझ्या आयुष्यात कामाला आलेलं जे काही शिक्षण मला मिळालं, त्यातलं बरंचसं या एका खोडीतून मिळालं आहे.

हा धडा ते १४ एप्रिलच्या गोष्टीवरून देत. १९४४ साली त्या दिवशी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज फुटलं. त्यात दारूगोळा होता, कापसाच्या गासड्या होत्या आणि सोन्याच्या विटाही होत्या. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले. त्या दिवसाची आठवण म्हणून आजही देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात. इतर लोक ही गोष्ट सोन्याच्या विटेवर आणून संपवायचे. आण्णांची गोष्ट दुसऱ्या दिवशी सुरू व्हायची. गोदीलगतच्या वखारी आणि घरं जळाली होती, काहींकडे आगीचा विमाही होता. पण ही साधी आग म्हणायची, स्फोट म्हणायचा की युद्धातलं नुकसान? आगीच्या पॉलिसीत हे बसतं का? शेवटी सरकारला नुकसानभरपाईसाठी वेगळा वटहुकूम काढावा लागला. ‘जळालं सगळ्यांचं सारखंच,’ आण्णा म्हणायचे, ‘पण कशानं जळालं ते आधी विचारतात.’

आमच्या घरावर त्यांचं ऋण चढलं ते गिरणी संपाच्या काळात. बाबा खटाव मिलमध्ये होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि पगार थांबला. आईने माहेरून आलेली शिलाईची मशीन पोटमाळ्यावरून खाली काढली आणि मदनपुऱ्यातल्या एका कारखान्यातून नगावर काम आणायला सुरुवात केली. कापलेल्या शर्टांचे गठ्ठे यायचे. कॉलर एकीकडे, बाह्या एकीकडे, सुतळीने बांधलेले. ते खाटेखाली रचलेले असत. खाटेपासून हातभर अंतरावर घासलेटचा स्टोव्ह. आई शिवता शिवता मध्येच उठून त्याला पंप मारायची आणि पुन्हा मशीनवर बसायची.

एका संध्याकाळी आण्णा बाबांशी बोलायला म्हणून आले आणि बोलता बोलता खाटेखाली वाकून बघू लागले.

‘वहिनी, हे कापड कुणाचं?’

‘शेठचं. आपलं कुठलं एवढं?’

‘जळालं तर कुणाचं?’

आई काही बोलली नाही. उत्तर सगळ्यांना माहीत होतं. ते कापड जळालं असतं तर शेठने नगागणिक पैसे वळते केले असते, आणि संपाच्या दिवसांत ते फेडायला आम्हाला वर्षं लागली असती. आण्णांनी तिथेच बसून समजावलं. घरातल्या सामानाचा विमा काढला तर भांडी, कपाट, खाट त्यात येतात. मशीनही येते, पण तिच्यावर धंद्याचं काम चालतं हे सांगावं लागतं. लपवलं तर पुढे त्यावरच दावा अडतो. आणि हे गठ्ठे त्यात येतच नाहीत, कारण ते आपले नाहीत. दुसऱ्याचा माल विश्वासाने आपल्या ताब्यात असेल, तर तो पॉलिसीवर स्पष्ट लिहून घ्यावा लागतो. न लिहिलेला माल कंपनीच्या हिशेबी त्या खोलीत नसतोच.

त्यांनी तसा अर्ज भरला. मशीन, घरसामान आणि तिसऱ्या ओळीत, त्यांच्याच टाइपरायटरी इंग्रजीत, विश्वासाने ठेवलेला माल. हप्ता फार नव्हता, पण त्या महिन्यात आमच्याकडे तोही नव्हता. आई म्हणाली, पुढच्या महिन्यात देते, आज कागद तेवढा करून ठेवा. आण्णांनी मान हलवली. विम्यात उधारी चालत नाही. कचेरीत या कलमाला ‘चौसष्ट व्हीबी’ म्हणायचे: हप्ता हातात पडल्याशिवाय कंपनी जोखीम घेऊ शकत नाही, कायदाच तसा आहे. किराणावाला उधार देतो, डॉक्टर देतो, विमा कंपनी देऊ शकत नाही. दुसऱ्या दिवशी आण्णांनी स्वतःच्या खिशातून हप्ता भरला आणि पावती आणून आईच्या हातात दिली.

ते पैसे त्यांनी सोडले नाहीत, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. आई शर्टांचे पैसे आले की दोन-दोन, पाच-पाच रुपये देत गेली आणि आण्णा ते घेत गेले, खिशातल्या डायरीत तारखेसकट लिहीत गेले. बाबांना ते थोडं लागलंही होतं. एवढा जवळचा माणूस आणि दोन रुपयांची नोंद करतो! आण्णांनी एकदाच खुलासा केला: ‘फुकट मिळालेला कागद माणूस ट्रंकेत टाकतो, वहिनी. पैसे मोजले की वाचतो.’ आईने तो खरंच वाचला. तिला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून माझ्याकडून वाचून घेतला, अर्थातच शेवटच्या पानापासून.

त्या पॉलिसीतून आम्हाला कधी एक पैसाही मिळाला नाही. आग लागलीच नाही. दोन वर्षांनी नूतनीकरणाच्या वेळी आई कुरकुरली की भिशीत टाकले असते तर निदान परत तरी आले असते. आण्णा हसले. म्हणाले, ही भिशीच आहे, फरक एवढाच की भिशीत प्रत्येकजण आपला नंबर कधी लागतो याची वाट बघतो आणि इथे प्रत्येकजण देवाला सांगतो, माझा नंबर लागू देऊ नकोस. ज्याचा लागतो त्याला बाकीचे देतात. आईला ते पटलं की नाही कोण जाणे, पण तिने नूतनीकरण केलं.

‘हे कुणाचं?’ हा प्रश्न आण्णांनी मग आमच्या भिंतींनाही विचारला. आमची खोली पागडीची. आजोबांनी पागडी मोजली, भाडेपावती आमच्या नावावर, आणि आम्ही कुणालाही ‘आमचं घर’ असंच सांगायचो. पण भिंती, छप्पर, जिना मालकाचा. इमारतीचा विमा काढायचा तर तो मालकाने. त्याने काढला होता की नाही, चाळीत कुणालाच ठाऊक नव्हतं. आमच्या हातात होतं ते फक्त आतलं सामान. घरविम्याचे प्रकार वाचायला बसलं की लोक पहिल्यांदा हप्त्याचा आकडा बघतात. आण्णा पहिल्यांदा पावती बघायचे: मालकीची की भाड्याची? मालक असाल तर ढाचा आणि सामान दोन्हींचा विमा. भाडेकरू असाल तर सामानाचा. सोसायटीत असाल तर आधी सेक्रेटरीला विचारा, इमारतीची पॉलिसी सोसायटीने काढली आहे का. नाहीतर त्याच भिंतींचे दोनदा पैसे भराल आणि नुकसानभरपाई मात्र एकदाच मिळेल.

आणि इमारत म्हातारी होऊन खचली तर? आमची चाळ १९४०च्या आधीची, म्हणजे उपकरप्राप्त इमारतींतल्या ‘अ’ वर्गातली. दुरुस्ती मंडळाचा उपकर भरला जायचा आणि लोकांना वाटायचं, हाच आपला विमा. आण्णांनी हा समज मोडून काढला. उपकर दुरुस्तीसाठी असतो. विमा अचानक घडणाऱ्या गोष्टीसाठी. झीज, गंज, भिजून भिजून सडलेली तुळई हे त्यात येत नाही. २७ सप्टेंबर २०१३ला डॉकयार्ड रोडला बाबू गेनू मार्केटची इमारत कोसळून ६१ माणसं गेली, १६ जुलै २०१९ला डोंगरीतली केसरबाई इमारत पडली, तेव्हा प्रत्येक वेळी चाळीत कुणीतरी विचारलंच: विमा असता तर? निवृत्त झालेले आण्णा एकच सांगायचे, ‘जुनेपणाचा विमा नसतो. जिन्याचा टेकू हलला तर मंडळाकडे जा, माझ्याकडे नको.’

दंगलीचं मात्र येतं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३मध्ये आमच्या आजूबाजूला, आग्रीपाडा, मदनपुरा, नागपाडा, काय काय जळलं ते आम्ही गच्चीवरून पाहिलं. ज्यांच्या पॉलिसीत दंगल, संप आणि द्वेषाने केलेली नासधूस यांचं कलम होतं, कचेरीच्या भाषेत आरएसएमडी, त्यांचे दावे उभे राहिले. ज्यांनी हप्ता वाचवायला ते कलम काढून टाकलं होतं, ते तसेच परत गेले. आण्णांच्या टेबलावर त्या वर्षी फायलींचा ढीग होता. चाळीतल्या एकाने त्यांना खवचटपणे विचारलं, कुणाकुणाचे पास करता? ‘मी वरचं नाव वाचत नाही,’ आण्णा म्हणाले, ‘नंबर वाचतो आणि कलम वाचतो.’ ज्या महिन्यांत सगळी मुंबई फक्त नावं वाचत होती, त्या महिन्यांत हे वाक्य मी ऐकलं.

पुढे मी कर्ज काढून डोंबिवलीला फ्लॅट घेतला. बँकेत सह्या करताना एक कागद पुढे आला, ‘होम लोन इन्शुरन्स’. मोठी रक्कम, तीही कर्जातच मिळवलेली. घराचा विमा झाला म्हणून मी निर्धास्त झालो आणि तो कागद दाखवायला रविवारी भायखळ्याला गेलो. आण्णांनी तो पालथा घातला, दोन मिनिटं वाचला आणि चष्मा काढला. ‘अरे, हा तुझा विमा आहे. घराचा नाही. तू गेलास तर बँकेचं कर्ज फिटेल. घर जळलं तर तू आहेस, कर्ज आहे आणि घर नाही.’ दोन्हींची गरज वेगळी, दोन्ही कामाचे, पण एक असला म्हणून दुसरा झाला असं नव्हे. कर्जदारांपैकी किती जणांना हा फरक माहीत असेल, याचा विचार मी परतीच्या लोकलमध्ये करत होतो.

मग रकमेचा प्रश्न. मी फ्लॅटची किंमत सांगितली, तेवढ्याचा विमा काढतो म्हणालो. आण्णांनी पेन्सिल घेतली. ‘जमीन जळते का? स्टेशन जवळ आहे याची किंमत जळते का?’ चटई क्षेत्र गुणिले आजचा बांधकामाचा दर, एवढाच ढाच्याचा विमा. पाचशे चौरस फूट आणि तीन हजार दर धरला तर पंधरा लाख. फ्लॅट साठ लाखांचा का असेना. जास्त रकमेचा काढून जास्त मिळत नाही, हप्ता तेवढा जास्त जातो. कमी रकमेचा काढणं तर त्याहून वाईट. चार लाखांचं सामान दोन लाखांचं म्हणून दाखवलं आणि एक लाखाचं नुकसान झालं, तर मिळणार पन्नास हजार. कारण अर्ध्याच सामानाचा विमा तुम्ही काढलेला असतो आणि उरलेल्या अर्ध्याची जोखीम तुमची स्वतःची. या ॲव्हरेजच्या कलमावर आण्णांनी नोकरीभर माणसं रडताना पाहिली होती.

त्याच पेन्सिलीने त्यांनी त्याच कागदाच्या पाठीवर मला दोन कुळं मांडून दिली. एक आगीच्या पॉलिसीचं: आग, वीज, स्फोट, वादळ, पूर, दंगल, भूकंप हवा तर तेव्हा वेगळा हप्ता. यात चोरी नाही. दुसरं हाउसहोल्डर्स पॅकेजचं: आगीचा भाग असतोच, वर घरफोडी, दागिन्यांचा सर्व जोखमींचा भाग, उपकरणांचा बिघाड, आपल्या घरामुळे दुसऱ्याला इजा झाली तर त्याची जबाबदारी, असे कप्पे, पाहिजेत ते घ्यायचे. भायखळ्याच्या तळमजल्याला पहिलं अगत्याचं, डोंबिवलीच्या बंद फ्लॅटला दुसरं. ‘वादळ-पुराचा भाग काढून हप्ता कमी करून देतो असं कुणी म्हणालं,’ त्यांनी बजावलं, ‘तर त्याला चहा पाज आणि घालव. मुंबईत राहून पूर काढतात होय!’

५ ऑगस्ट २०२०ला याची प्रचिती आली. कुलाब्याला वाऱ्याने ताशी शंभर किलोमीटरचा वेग ओलांडला, एरवी न तुंबणारी दक्षिण मुंबई तुंबली, जे. जे. रुग्णालयात पाणी शिरलं, मशीद बंदर आणि भायखळ्याच्या दरम्यान अडकलेल्या लोकलमधून प्रवाशांना सोडवावं लागलं. आमची खोली तळमजल्याची. आई आणि धाकटा भाऊ तिथेच राहत होते. पाणी मोरीतून उलटं आलं आणि बघता बघता खाटेला लागलं. करोनाचे दिवस, मला डोंबिवलीहून निघताही येईना. मी आण्णांना फोन लावला. ते वरच्या मजल्यावर होते, वय ऐंशीच्या घरात.

जिन्यातूनच ते माझ्या भावाला सूचना देत होते. फोनवर मला सगळं ऐकू येत होतं. ‘काही फेकू नकोस. आधी फोटो. भिंतीवर पाणी कुठपर्यंत आलं तिथे पट्टी धर आणि पट्टीसकट फोटो काढ. फ्रिजचा मागचा नंबर घे. बिलं भिजली असतील तर वाळत घाल, टाकू नकोस. कंपनीला आजच कळव, उद्या नको.’ आईने म्हणे मधेच विचारलं, जेवणाचं काय? आण्णा म्हणाले, ‘वहिनी, जेवायला वर या. पण त्या गाद्या हलवू नका.’

सर्व्हेअर आला तो मोबाइलच्या पडद्यावर. भावाने त्याला कॅमेऱ्यातून खोली फिरवून दाखवली. फ्रिज, मिक्सर, गाद्या, लाकडी कपाट असं सगळं यादीवर चढलं. पॉलिसी बाजारमूल्यावर होती, त्यामुळे वस्तूंची किंमत जुनेपणा वजा करून धरली गेली. जुन्या फ्रिजचे नव्या फ्रिजएवढे पैसे मिळाले नाहीत. नवी वस्तू घेण्याइतके पैसे हवे असतील तर विमा पुनर्स्थापन मूल्यावर लागतो, हेही आण्णांनी पूर्वीच सांगून ठेवलेलं, म्हणून धक्का बसला नाही. पण सामानाची रक्कम पूर्ण दाखवलेली होती, तेव्हा ॲव्हरेज लागलं नाही. शेजारच्या खोलीत तेच पाणी, तेवढंच नुकसान. त्यांनी हप्ता वाचवायला निम्मी रक्कम दाखवली होती. त्यांना साधारण निम्मेच मिळाले. भिंतीचा फुगलेला गिलावा मात्र कुणाच्याच दाव्यात बसला नाही. तो मालकाचा.

आईची मशीन भिजली, गंजली. यादीत मशीनसमोर सर्व्हेअरने किंमत म्हणून जो आकडा लिहिला तो ऐकून आई हसली. मशीन तिने भंगारात दिली नाही.

१ एप्रिल २०२१पासून विमा नियामकाने सगळ्या कंपन्यांना एक ठरीव घरपॉलिसी ठेवायला लावली, ‘भारत गृह रक्षा’. तिचा मसुदा मी छापून आण्णांना नेऊन दिला. त्यांनी अर्थातच तो पाठीमागून वाचला आणि एका ओळीखाली रेघ मारली: कमी रक्कम दाखवली या कारणावरून दावा कापायचा नाही. ज्या कलमाने त्यांच्यासमोर माणसं रडली ते घरविम्यातून गेलं होतं. भूकंप आता आतच. ढाच्याचा विमा घेतला की त्याच्या वीस टक्के, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत, सामानाचा विमा आपोआप. सामान नव्या किमतीने. ढाच्याची रक्कम दरवर्षी दहा टक्क्यांनी आपली आपण वाढते. भाडेकरू नुसत्या सामानाचाही घेऊ शकतो. आण्णा खूश होते, पण शेवटी बोट ठेवायचं तिथे ठेवलंच. चोरी यात आहे ती आग, पूर असं काही घडल्यावर त्याच्यामुळे सात दिवसांत झालेली. नुसती घरफोडी नाही. ती वेगळी घ्यावी लागते. सोनंनाणं, चित्रं हवी तर तीही वेगळी, किंमत ठरवून. ‘बरं केलंय,’ ते म्हणाले, ‘पण वाचायचं काम शिल्लक ठेवलंय.’

त्यानंतर वर्षा-दीड वर्षात आण्णा गेले. डायरीनुसार आमच्याकडे त्यांचं काही येणं नव्हतं. आईने शेवटचा रुपया कधीच चुकता केला होता. म्हणून माझ्यावरचं त्यांचं ऋण कुठल्या खात्यात मांडायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. सुट्टीच्या दिवशी चाळीत गेलो की नव्याने भाड्याने राहायला आलेली पोरं, पुनर्विकासाचे करार हातात घेतलेली म्हातारी माणसं, कर्ज काढणारी जोडपी आपापले कागद घेऊन येतात. मी ते पालथे घालतो. कमिशन मी घेत नाही, पण सल्ला मिळाल्यावर त्यांनी हप्ता स्वतःच्या खिशातूनच भरावा, याबाबत हट्टी आहे.

आणि दरवर्षी कुणीतरी आईसारखंच विचारतं, गेलेले पैसे फुकटच ना? २०२१च्या पावसात आमच्या खोलीत पाणी आलं नाही. त्याच पावसात २२ जुलैला चिपळूण बुडालं. बाजारपेठेत, घरांत पाणी छपरापर्यंत गेलं. तिथल्या ज्यांनी विमा काढला होता त्यांना जे मिळालं, त्यात आमच्या त्या वर्षीच्या हप्त्याचा एखादा कण असेलच; जसे आदल्या वर्षी आमच्या फ्रिजचे पैसे कुणा कोरड्या घरांनी भरले होते, ज्यांची नावं आम्हाला कधी कळणार नाहीत. हप्ता फुकट गेला असं ज्या वर्षी वाटतं, त्या वर्षी आपण फेडत असतो.